संयोगिता वैनींची एकच लेन्स

मंगळवार पेठेतल्या एका बोळात इंगवल्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं पासपोर्ट फोटोसाठी स्टूल आणि निळा पडदा, मागं कॉम्प्युटरची खोली, वर माडीवर राहतं घर. पाटीवर नाव विजयसिंह इंगवल्यांचं, पण पेठेतल्या बायका त्याला कितीतरी वर्षं ‘वैनींचा स्टुडिओ’च म्हणत आल्या. कारण लग्नाची ऑर्डर आली की इंगवले नवराबायको जोडीनंच जायचे. कॅमेरा विजयसिंहांच्या गळ्यात, लेन्सांची बॅग संयोगिताच्या खांद्याला.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मूलबाळ झालं नाही. काही वर्षं दवाखाने झाले, देव झाले, आणि मग एक दिवस विजयसिंह म्हणाले, “घरात भिंतीकडं बघत बसतीस, त्यापरीस चल माझ्यासंगट.” ती गेली ती गेलीच. बॅग धरता धरता लेन्स ओळखायला शिकली, मग उजेड ओळखायला शिकली.

विजयसिंहांची एक सवय होती. काम चालू असताना ते मागं वळून बघायचे नाहीत. डावा हात नुसता मागं यायचा आणि तिनं त्यात पुढची लेन्स ठेवायची. कुठली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. नवरीचा बाप खांबाला टेकून डोळे पुसायला लागला की सत्तर-दोनशे, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी जड लेन्स. पंगत बसली की अख्खी ओळ मावेल अशी रुंद. घरी दोघांच्यात कुरबुरी चालायच्या, कधी बोलणंही बंद असायचं, पण मांडवात तो हात मागं आला की तिची चूक व्हायची नाही.

हळदीचं काम मात्र तिचं. “बायकांच्यात माझं काय काम,” असं म्हणून विजयसिंह कॅमेरा तिच्या गळ्यात घालायचे आणि बाहेर पुरुषमंडळींत चहा घेत बसायचे. ती छोटी पस्तीसची लेन्स लावायची. त्या लेन्सनं चेहरा मोठा हवा असेल तर माणसाच्या हातभर अंतरावर जावं लागतं. संयोगिता जायची. नवरीच्या पाटाजवळ गुडघे टेकून बसायची, बायकांच्या गाण्यात आपलाही आवाज मिसळायची. कुणीतरी तिच्याही गालाला हळद फासायची, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरचे पिवळे डाग पुढं कितीतरी दिवस निघायचे नाहीत. तिच्या हळदीच्या फोटोंत सगळ्या बायका सरळ समोर बघून तोंडभर हसत असायच्या. कॅमेऱ्याला बघून कुणी इतकं हसत नाही. त्या संयोगिताला बघून हसत.

मागच्या वर्षी मे महिन्यात आजऱ्याला एक लग्न होतं. मंगलाष्टका संपत आल्या होत्या. विजयसिंहांचा हात मागं आला, तिनं सत्तर-दोनशे तळव्यावर ठेवली, आणि बोटं मिटलीच नाहीत. लेन्स स्टेजच्या कडेवर आपटून खाली फरशीवर गेली. तिच्या मागोमाग विजयसिंह गुडघ्यांवर आले. त्यांनी वळून बायकोकडं बघितलं, काहीतरी बोलायला गेले, पण शब्द उमटला नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. वाजंत्री वाजतच होती, लोक अक्षता टाकत होते. नवरीच्या मामानं स्वतःची गाडी काढली आणि त्यांना कोल्हापूरला आणलं. आठवडाभर ते दवाखान्यात होते. डोळे उघडायचे, बघायचे, पण बोलले नाहीत. एका सकाळी संयोगिता ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ पुसत होती, तेव्हाच ते गेले.

कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. तो त्यांच्या गळ्यातच होता.

दिवसकार्य झाल्यावर धाकटे दीर उदयसिंह मलकापूरहून पुन्हा आले. त्यांची तिकडं शेती आणि गोठा. माणूस मनानं चांगला. वर माडीवर बसून बराच वेळ चहाचा कप नुसता फिरवत राहिले आणि मग म्हणाले, “वैनी, दुकान भाड्यानं देऊया. तुमी मलकापूरला चला. घर मोठं हाय, पोरं हायत. हितं एकटं बसून काय करणार?”

“दिवाळीनंतरची लग्नं ह्यांनी घेतल्याली हायत, भावजी. ती करतो की मी.”

“एकट्या?”

“एकटीच.”

“मग बॅग धराय तरी माणूस ठेवा.”

मागं हात करायचा आणि कुणा तिसऱ्याच्याच हातातून लेन्स घ्यायची, हे तिला मनातसुद्धा आणवत नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलंच काम कोल्हापुरातल्या एका कार्यालयात होतं. फोटो काढणं तिला अवघड नव्हतं. अवघड होतं ते एकटीनं लेन्स बदलणं. खाली वाकायचं, बॅगेची चेन उघडायची, एक काढायची, दुसरी बसवायची, पहिलीला टोपण लावायचं. तिनं अक्षता टाकणाऱ्या लोकांची गर्दी रुंद लेन्सनं टिपली आणि नवरानवरीचे चेहरे जवळून घ्यायचे म्हणून बॅगेशी वाकली. लेन्स खाचेत बसेना. हाताला घाम आला होता. तेवढ्यात वाजंत्री कडाडली, अंतरपाट खाली गेला, आणि तिनं मान वर केली तेव्हा दोघांच्याही गळ्यात हार पडले होते.

नवऱ्या मुलाचे वडील तिच्याकडं आले. ते ओरडले नाहीत. “बाई,” ते म्हणाले, “सगळ्या लग्नात आमास्नी तेवढाच एक फोटो भिंतीला लावायचा हुता.”

दुसऱ्या दिवशी ती राजारामपुरीत गुरुप्रसादच्या दुकानात गेली. गुरुप्रसाद कॅमेरे विकायचा, दुरुस्तही करायचा. विजयसिंहांचा जुना दोस्त. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारायला दोघं बरोबर जायचे. विजयसिंह गेल्यापासून त्यानं रंकाळ्याकडं जाणंच सोडलं होतं. तिला दारात बघून तो काउंटरमागून बाहेर आला आणि स्टूल पुसून पुढं केलं.

“ती पडलेली लेन्स बघितली का?” तिनं विचारलं.

“बघितली, वैनी. आतली काच गेलीया. न्हाय व्हायची ती नीट.”

“तसलीच दुसरी नको. मला एकच लेन्स पाहिजे. सकाळी लावली की घरी येईपतोर काढायला नको अशी.”

‘सगळ्या कामाला एकच’ असल्या लेन्सांबद्दल विजयसिंह काय बोलायचे ते दोघांनाही पाठ होतं. फिरायला जाणाऱ्यांनी गळ्यात अडकवावी, धंदेवाल्यानं हात लावू नये, असं ते याच काउंटरवर मूठ आपटून सांगायचे.

गुरुप्रसादनं आतून दोन खोकी आणली. विजयसिंहांचा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. त्याला लेन्सही त्याच मापाच्या लागतात. ह्या दोन्ही तशाच होत्या. “ही चोवीस-एकशेपाच,” तो म्हणाला. “रुंद पण घेती, जवळचं पण घेती, आणि कुठंबी फिरवा, उजेड तेवढाच ठेवती. आणि ही चोवीस-दोनशे. हिच्यात सगळंच हाय. वजनाला हलकी. पण लांब ताणली की उजेड खाती. संध्याकाळच्या कार्यालयात फोटोत दाणं येणार, खरबरीत दिसणार. माझं ऐकाल तर एकशेपाच घ्या. लग्नात त्याच्यापुढं काय लागत न्हाय. तुमी तर कायम जवळ जाऊनच काढता.”

संयोगितानं दोन्ही लेन्स आळीपाळीनं लावून बघितल्या. दारातून रस्त्यावरचा डोशाचा गाडा बघितला, तव्याची वाफ बघितली. दोनशेची ओढून धरली तर डोसा उलथणाऱ्या बाईच्या बांगड्या मोजता येत होत्या. एकशेपाचमध्ये बाई दिसत होती, गाडा दिसत होता, चित्र स्वच्छ होतं. तिला गुरुप्रसादचं पटलं. तरी तो म्हणाला, “दोन्ही घेऊन जा. एक काम करून बघा, मग सांगा.”

ते काम म्हणजे जयसिंगपूरची हळद. ऑर्डर विजयसिंहांनीच घेतली होती. नवरी स्नेहल आपल्या आईला घेऊन स्टुडिओत आली होती, तेव्हा तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीचा अल्बम बघितला आणि हट्टच धरला, “माझी हळद वैनींनीच काढायची.” विजयसिंह हसून म्हणाले होते, “त्याच काढत्यात. मला कुणी आत घेत न्हाय.”

संयोगिता सकाळच्या एसटीनं गेली. अंगात फिकट निळी साडी, कॅमेऱ्याला एकशेपाच, दुसरी लेन्स बॅगेत. घरापुढच्या मोठ्या अंगणात मांडव होता, फाटकाच्या कडेला आचाऱ्याचं चुलाण पेटलं होतं. ती फाटकातून आत शिरली तोच एक थोराड बाई सामोरी आली. स्नेहलची थोरली आत्या. घरातले सगळे तिला आक्का म्हणत.

“तुमी फोटोवाल्या न्हवं?”

“व्हय.”

आक्कांनी तिच्या कपाळाकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं. “मालक गेलं म्हणं तुमचं.”

“मे महिन्यात.”

“लई वाईट झालं बाई.” आक्कांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, आणि तो हात खरोखरच मायेचा होता. मग तोच हात खांद्यावर ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आता असं करा, तुमी मांडवात येऊ नगा. राग मानू नगा. सवाष्णींचं काम हाय. पोरीला उद्या काय झालं तर जलमभर आमच्याच जिवाला लागून ऱ्हाईल. हितनं काढा की. हितनं बी दिसतंय.”

एका पोरीला सांगून त्यांनी फाटकाजवळ खुर्ची ठेवायला लावली. चहा पाठवला. चहाबरोबर दोन लाडूही आले. स्नेहलची आई मांडवातून हे सगळं बघत होती. तिची आणि संयोगिताची नजर भेटली तशी ती खाली वाकून हळदीच्या वाटीत उगाच काहीतरी ढवळायला लागली.

परत फिरावं असं संयोगिताला वाटलं. एसटी स्टँड काही लांब नव्हतं. पण हे काम ह्यांनी घेतलेलं होतं. ती खुर्चीवर बसली नाही. चुलाणाच्या धुरातून बाजूला सरकून उभी राहिली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

एकशेपाचमध्ये मांडव दिसत होता. पाठमोऱ्या बायका, त्यांचे अंबाडे, गजरे, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं पाटावर बसलेली स्नेहल एवढीएवढीशी. तिनं दोन-चार फोटो घेतले आणि कॅमेरा खाली केला. मग बॅगेतून दोनशेची काढली, लावली, आणि शेवटपर्यंत ओढली.

स्नेहल एकदम समोर आली. गालावरची ओली हळद, कानाच्या पाळीवरून ओघळलेला थेंब, वरच्या कापडातून झिरपणारा पिवळा उजेड. संयोगिता फोटो घेत राहिली. स्नेहल मधेच मान उंचावून इकडंतिकडं बघत होती. तिच्या ओठांची हालचाल इतक्या लांबूनही कळत होती. “वैनी कुठं हायत?” आक्कांनी वाकून तिला काहीतरी सांगितलं आणि फाटकाकडं बोट दाखवलं. स्नेहलनं मान वळवली. लेन्समधून संयोगिताला तिचे डोळे अगदी समोर दिसत होते. स्नेहलला मात्र धुराच्या आडोशाला उभी एक बाई आणि तिच्या तोंडापुढं काळी नळी, एवढंच दिसलं असणार. तिनं हात थोडासा वर केला. तेवढ्यात पुढची सवाष्ण हळदीची वाटी घेऊन मधे आली.

संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर फोटो उघडले. फोटो चांगले होते. सावलीत थोडे दाणे आले होते, पण गिऱ्हाइकाला ते कळणार नव्हते. बायका एकमेकींच्या कानात बोलत होत्या, कुणी डोळ्याला पदर लावत होती, एक पोरगी चोरून हळद चाटत होती. शेवटच्या फोटोपर्यंत एकीनंही तिच्याकडं बघितलं नव्हतं. बघितलं होतं ते एकट्या स्नेहलनं, आणि त्या फोटोत ती हसत नव्हती. तो फोटो संयोगितानं अल्बममध्ये घातला नाही. तिनं खाली मान घातली आणि टेबलाच्या कडेला कपाळ टेकून रडली. विजयसिंह गेल्यानंतरचं तिचं रडणं बहुतेक घरात माणसं असताना झालं होतं. हे एकटीचं पहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गुरुप्रसादकडं गेली आणि एकशेपाचचं खोकं काउंटरवर ठेवलं.

“ही परत घ्या. दोनशेची ठेवतो मी.”

“अहो वैनी, माझं ऐका,” गुरुप्रसाद म्हणाला. “कार्यालयातला अंधार तुमास्नी म्हाईत हाय. ही लेन्स दगा देणार. एवढ्या लांबचं तुमास्नी लागतंय कशाला? तुमी तर पाटाला पाट लावून बसणारी माणसं.”

“आता लांबच हुबं ऱ्हावं लागतंय, भाऊ.”

त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मग तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कळलं. तो परत घेतलेलं खोकं उचलून आत फळीवर ठेवायला गेला, आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. बाहेर आल्यावर त्याचे डोळे लाल होते. “कुणी म्हणालं?” त्यानं विचारलं.

“वाईट न्हाय कोण. चहा दिला, लाडू दिले.”

त्या हंगामात तिनं सगळी लग्नं त्या एकाच लेन्सवर केली. कार्यालयातल्या अंधारात फोटो खरबरीत आले, तिथं तिनं खिडकीजवळची जागा धरून भागवलं. पण एकदाही अंतरपाट चुकला नाही. पुष्कळ घरांत हळदीला तिला कुणी अडवलं नाही, नुसती एक खुर्ची लांब टाकलेली असायची आणि ती कुणासाठी आहे ते तिला सांगावं लागत नसे. काही घरांत तशी खुर्चीही नसायची, पण आत या असंही कुणी म्हणायचं नाही. जयसिंगपूरचा अल्बम बघून लोक नव्यानं यायला लागले. “कसं जिवंत वाटतंय बघा,” ते म्हणायचे. “कुणाचं बी कॅमेऱ्याकडं ध्यान न्हाय.” अशी नवी तऱ्हा वैनींनी कुठून काढली, असं विचारायचे. ती म्हणायची, “लेन्स तशी हाय.”

माघात शिवाजी पेठेतल्या यज्ञेश्वर मास्तरांच्या मुलीची हळद होती. नवरीचं नाव अवंतिका. घर शिकल्यासवरल्या माणसांचं. मुलीची आई श्यामलाबाई, स्वतःही शाळेत शिकवणाऱ्या. घरामागच्या मोकळ्या जागेत छोटासा मांडव घातला होता. संयोगिता आली आणि सवयीनं मागच्या दारातल्या पायरीवर उभी राहिली. श्यामलाबाई हळदीच्या हातानंच उठून आल्या.

“अहो इंगवलेबाई, तिथे काय उभ्या राहिलात? आत या ना. आमच्याकडे असलं काही नाही.”

“येतो की,” ती म्हणाली. तिनं बॅग पायरीवर ठेवली, पदर खोचला, लेन्स आखूड केली. पुढं सात-आठ बायका गाणं म्हणत होत्या. अवंतिकानं पाटावरून तिला खूण केली, या म्हणून. तिच्याजवळ बसायला जागाही केली.

मांडवाच्या कडेला संयोगिताचे पाय थांबले. तिला कुणी अडवलं नव्हतं. पण तिच्या मनात आलं, आत गेलो आणि उद्या या पोरीचं काही वाईट झालं तर? असलं काही नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्या डोक्यात हे आलंच कसं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली. तरी पाय उचलेना. पोरीचं तोंड समोर हसत होतं, आणि आजऱ्याच्या फरशीवर विजयसिंह वळून तिच्याकडं बघत होते.

“हितनंच बरं येतंय,” ती म्हणाली.

“अहो, चला हो.” श्यामलाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या बोटांची हळद तिच्या हाताला लागली. “मी म्हणतेय ना.”

“उजेड हितनं चांगला हाय, बाई. खरंच.”

तेवढ्यात आतून कुणीतरी श्यामलाबाईंना हाक मारली आणि त्या गेल्या. अवंतिकाच्या शेजारची मोकळी जागा एका मावशीनं सरकून भरली.

संयोगिता पायरीवर परत आली. लेन्स ओढून तिनं अवंतिकाचा चेहरा जवळ आणला आणि हळद संपेपर्यंत फोटो काढत राहिली. जेवणाच्या वेळी मास्तर स्वतः तिच्यासाठी ताट घेऊन आले आणि खुर्ची ओढून तिच्याजवळच बसले. विजयसिंहांनी मास्तरांच्याच लग्नात कसे फोटो काढले होते, ते आठवून आठवून सांगत राहिले. तिनं जेवताना सगळं ऐकलं, हसलीही. घरी येऊन हात धुतले तेव्हा मनगटावरचा पिवळा डाग पहिल्या पाण्यातच निघून गेला.

तो हंगाम संपला, पुढचा आला. पाटीवरचं नाव तिनं बदललं नाही. उदयसिंह मधूनमधून येतात, मलकापूरला चला म्हणतात, ती बघूया म्हणते. कामं भरपूर आहेत. कुणी हाताला धरून आत बोलावलं तरी संयोगिता वैनी हळदीला मांडवात जात नाहीत, बाहेरनंच छान काढतात, हे आता लोकांनाही माहीत झालं आहे, आणि कुणी आग्रह करत नाही.